छोटा मासा वेगळा, माशाचं पिल्लू वेगळं

दोन सल्ले हल्ली एकाच दमात ऐकू येतात. ‘छोटे मासे घेऊ नका, समुद्र रिकामा होईल’ आणि ‘पापलेट-सुरमई कमी करा, छोटे मासे खा’. ऐकणारा गोंधळतो आणि मुकाट्याने पुन्हा पापलेटच घेतो. खरं तर दोन्ही सल्ले बरोबर आहेत. घोटाळा आहे तो ‘छोटे’ या शब्दात.

मांदेलीबद्दल फार सांगायला नको. ती जातच लहान. वाढते भराभर, अंडीही लवकर घालते. वीतभरही नसलेल्या मांदेलीच्या पोटात अंड्यांची गाबोळी सापडते, म्हणजे ती पूर्ण वाढलेली बाई आहे, बाळ नाही. जवळ्याचंही तेच. ‘जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं’ हे वाक्य मी चांगल्या कोकणी घरांतही ऐकलंय आणि दर वेळी डोकं फिरतं. जवळा ही वेगळीच जात आहे. कितीही वर्षं पाण्यात ठेवलात तरी त्याची कोळंबी होणार नाही.

खरी चूक होते ती पापलेटात. तळहाताएवढं पापलेट दिसायला हुबेहूब मोठ्यासारखं असतं. तोच आकार, तीच चांदी. म्हणून ते पिल्लू आहे हे डोळ्यांना पटतच नाही. पण एकदाही अंडी न घालता ते आपल्या ताटात आलेलं असू शकतं. 2023 साली महाराष्ट्राने याच माशाला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवली. पापलेटासाठी ती 135 मिमी. कंपासपेटीतली पट्टी 15 सेंटिमीटरची असते, त्याहून जेमतेम कमी. आणि मोजायचं तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, शेपटीच्या टोकापर्यंत नाही. पापलेटाच्या शेपटीचं खालचं पातं लांबलचक असतं. ते धरून मोजलंत तर पिल्लूही पास होतं.

माझा राग आहे तो हॉटेलांवर. ‘अख्खं पापलेट’ थाळीत मावलं पाहिजे, म्हणून लहानच हवं. घरीही माणशी एक अख्खं असा हट्ट असतो. त्यापेक्षा एक सरंगा, म्हणजे मोठं पापलेट, आणा आणि तुकड्या करा. किलोचा भाव चढा असेल, तर महिन्यातून एकदा आणा. मधल्या आठवड्यांत मांदेली, बोंबील, तारली आहेतच, आणि कुरकुरीत मांदेलीपुढे तळहाताएवढं पापलेट मला तरी फिकंच वाटतं.

लहान जातींनाही पिल्लं असतातच म्हणा. मांदेलीला 115 मिमीची मर्यादा आहे, बोंबलाला 180 ची. त्यामुळे ‘मावशी, लहान आहे का?’ असं विचारून उपयोग नाही. ‘हा अजून वाढतो का?’ असं विचारा. कोळणीला ते नेमकं माहीत असतं.

जवळ्यात मात्र एक अडचण उरते. तो बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात येतो आणि त्या जाळ्यातून काहीच सुटत नाही. पुढच्या वेळी सुका जवळा निवडताना नीट बघा: नखाएवढी चपटी, चंदेरी पिल्लं हाताला लागू शकतात. त्यांना आपण कचरा म्हणून बाजूला काढतो.