मार्कांपलीकडचा वाचक

संवादकौशल्याच्या तासाला लिहिलेल्या पत्राला उत्तर कधीच येत नाही. ‘मागवलेला माल सदोष निघाला’ अशी तक्रार करायची, कंपनीचं नाव मनानेच ठरवायचं आणि शेवटी दहापैकी साडेसात. ना माल, ना कंपनी. वाचणारे एकटे सर.

ही कुरकुर आजची नाही. पहिल्या शतकातल्या रोममध्ये वक्तृत्वशाळेतली मुलं समुद्री चाचे आणि जुलमी राजांचे कपोलकल्पित खटले लढवत, आणि खऱ्या न्यायालयात पाऊल टाकलं की भांबावत, अशी टर तेव्हाच उडवली गेली होती. नामांकित शिक्षक क्विंटिलियन सरावाच्याच बाजूचा. पण सराव खऱ्या खटल्याच्या जवळ जाणारा हवा, असं त्याचंही म्हणणं होतं.

यावर धाडसी उतारा काढला अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाने. १४ सप्टेंबर १९०८ रोजी वॉल्टर विल्यम्स यांच्या पत्रकारिता विद्यालयाचे वर्ग भरले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. कॉलेजचं भित्तिपत्रक नव्हे, गावाला बातम्या देणारं वर्तमानपत्र. बातमीत कुणाचं नाव चुकलं, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटण्याची सोय होती!

१९१८ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांच्या लेखामुळे ‘प्रकल्प पद्धती’, म्हणजे हाती घेतलेल्या कामातून शिकणं, शिक्षकांच्या तोंडी झाली. पुढे जाहिरातीच्या विद्यार्थ्यांसाठी १९७३ पासून देशपातळीवरची स्पर्धा सुरू झाली, तीही खऱ्या कंपनीच्या कामावर. लेखनाचे वर्ग स्वयंसेवी संस्थांची पत्रकं, निधीचे अर्ज लिहून देऊ लागले.

परिणाम खरे असणं म्हणजे काय, हे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दिसलं. इलिनॉय राज्यात अँथनी पोर्टर याचा मृत्युदंड १९९८ मध्ये जेमतेम दोन दिवस आधी लांबणीवर पडला होता. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी, प्राध्यापक आणि एका खासगी गुप्तहेराच्या सोबतीने, प्रकरण पुन्हा खणलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये पोर्टर सुटला. पुढच्याच जानेवारीत गव्हर्नरांनी राज्यातले मृत्युदंड थांबवले.

इथवरची गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या गुप्तहेरापुढे ज्या दुसऱ्या माणसाने त्याच गुन्ह्याची कबुली दिली, तो तुरुंगात गेला. कबुली कशी मिळवली यावर प्रश्न उठले आणि २०१४ मध्ये सरकारी वकिलांनीच त्याची शिक्षा रद्द करवून घेतली. तोवर त्या वर्गातली मुलं पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडली होती.