नंबर नाही, म्हणजे डोळे ठीक?

इंदूरच्या मराठी घरांत चक्कर आली की निदान तयार असतं: पित्त, नाहीतर मानेचे मणके. डोळ्यांवर शंका आलीच, तर ‘६/६ दिसतं, नंबर नाही’ म्हणून ती मिटते. गफलत इथेच आहे. तक्त्यावरची अक्षरं एकेक डोळा झाकून वाचायला लावतात. दोन्ही डोळे एकाच बिंदूवर जुळतात का, हे त्यात कळतच नाही.

एक डोळा किंचित वर-खाली पाहत असेल, तर स्नायू दिवसभर ओढून नजर जुळवतात. आडवा फरक बराच सांभाळला जातो. उभा मात्र जेमतेम २-३ प्रिझम डायऑप्टर (नजरेतला फरक मोजायचं एकक; १ म्हणजे १ मीटरवर नजर १ सेंटिमीटर सरकणं). मग कपाळ ठणकतं, ओळी हलतात, राजवाड्याजवळच्या बाजारातल्या गर्दीत भोवंडतं.

त्रास सुरू असताना एक डोळा झाकून पाहा. आराम पडला तर संशयाला जागा आहे, एवढंच. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळे आलटून-पालटून झाकून, प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) लावून हा लपलेला तिरळेपणा मोजायला सांगा. कुशीवर वळताच काही सेकंद घर फिरत असेल, तर दोष बहुधा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा. अचानक दोन-दोन दिसू लागलं किंवा बोलणं अडखळलं, तर चष्म्याचं दुकान नको. तडक इस्पितळ गाठा.