इगशान अ‍ॅडम्सच्या विणकामामागची पायवाट

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचा कलाकार इगशान अ‍ॅडम्स, त्याचं काम फोटोत पहिल्यांदा बघितलं की वाटतं कुठला तरी जुना विटलेला गालिचा आहे, मधेच विरलाय, धागे लोंबतायत, आणि मग झूम केलं की कळतं यात मणी आहेत, शिंपले आहेत, तार आहे, दोरी आहे. नुसतं सुंदर आहे म्हणून पुढे जाता येतं, पण केपटाऊनचा इतिहास माहीत नसेल तर त्यातलं निम्मं निसटतं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात डचांपासून करावी लागते. १६५२ ला डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला, म्हणजे आजच्या केपटाऊनला, ठाणं टाकलं आणि पुढे दीडशे वर्षं तिथे गुलाम आणले, इंडोनेशियातून, मादागास्करहून आणि आपल्याकडून पण, बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा (हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही याचं वाईट वाटतं). सोबत डचांना नको असलेली माणसं कैदी म्हणून तिथे पाठवली जायची. इंडोनेशियातल्या मकासरचे मुस्लिम धर्मगुरू शेख युसुफ १६९४ ला असेच आले. दुसरे धर्मगुरू तुआन गुरू १७८० ला आले, केपजवळच्या रॉबेन बेटावर कैदेत असताना त्यांनी अख्खं कुराण आठवणीतून लिहून काढलं, आणि १७९४ च्या सुमारास केपटाऊनच्या बो-काप वस्तीत ‘अव्वल’ नावाची मशीद उभी राहिली. म्हणजे केपमध्ये इस्लाम रुजला तो गुलामांचा आणि कैद्यांचा धर्म म्हणून.

मग १९५० चे वर्णभेदाचे कायदे. एकाने माणसांची वंशानुसार नोंद केली, दुसऱ्याने कुठल्या वंशाने कुठे राहायचं ते ठरवलं, आणि या सगळ्या गुलामांचे, स्थानिक खोईसान लोकांचे, गोऱ्यांचे मिसळलेले वंशज ‘कलर्ड’ नावाच्या एकाच खोक्यात टाकले, मग कुणी चर्चला जाणारा असो की मशिदीत. शहरातला डिस्ट्रिक्ट सिक्स १९६६ ला गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि साठ हजारांहून जास्त लोकांना तिथून उठवलं. अशा उठवलेल्या लोकांना जिथे नेऊन बसवलं त्यातलीच एक वस्ती बॉन्टेह्यूवेल.

इगशान त्याच वस्तीतला, जन्म १९८२ चा. तो मुसलमान, पण त्याला वाढवलं ख्रिश्चन आजी-आजोबांनी, आणि वर तो समलिंगी, आणि धर्म त्याने सोडलेला नाही, तो पाळतो. ही सगळी ओझी एकाच अंगावर कशी वागवायची हाच त्याच्या कामाचा गाभा आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९६ ची राज्यघटना समलिंगी लोकांना संरक्षण देते, २००६ पासून लग्नही करता येतं, पण कायदा एक आणि समाज एक, केपटाऊनचे उघडपणे समलिंगी असलेले इमाम मुहसीन हेंड्रिक्स यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये गोळ्या घालून मारलं. इगशानच्या एका परफॉर्मन्समध्ये तो मयतासारखा निपचित पडून राहतो आणि त्याचे वडील त्याला मुस्लिम रीतीने अंघोळ घालून कापडात गुंडाळतात. मुलाचं शेवटचं करायची वेळ कुठल्या बापावर येऊ नये, आणि इथे बाप मुलाच्या जिवंत अंगावर ते करतोय, मी नुसतं वाचलं तरी घशात आवंढा आला.

विणकामात त्याने हात घातला तो झिजलेल्या गोष्टींना. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरातलं लिनोलियम, म्हणजे जमिनीवर अंथरायचं नक्षीदार आच्छादन, जिथे ओट्यासमोर वर्षानुवर्षं उभं राहून नक्षी पुसली गेलीय, आणि वापरून विरलेले मुसल्ले, म्हणजे नमाजाच्या चटया. त्या झिजेचा नकाशा तो विणतो. २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्याचं ‘बॉन्टेह्यूवेल/एपिंग’ होतं, वस्ती आणि शेजारच्या एपिंग या कारखान्यांच्या भागामधल्या मोकळ्या जागेत लोकांनी चालून चालून पाडलेल्या वाटा, आकाशातून दिसतात तशा. वर्णभेदाच्या काळात वस्त्यांमध्ये मुद्दाम रेल्वे, हायवे, माळरान ठेवायचे, की माणसं एकमेकांत मिसळू नयेत, आणि लोकांनी त्यातूनच रस्ता काढला. त्याच वर्षी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या त्याच्या प्रदर्शनाचं नाव होतं ‘डिझायर लाइन्स’, आपल्याकडे त्याला सरळ पायवाट म्हणतात.

२०२१ ला लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ‘किकिंग डस्ट’ झालं. नाव आलं रील नावाच्या जुन्या नाचावरून, तो नॉर्दर्न केपकडचा, त्यात पाय आपटून धूळ उडवतात. तिथे वर तारांचे धुळीसारखे ढग टांगले होते आणि खाली विणलेले तुकडे जमिनीवर पसरलेले, आणि बघायला आलेल्यांनी त्यांच्या मधल्या वाटेने चालायचं.