छिन्नीच्या घावांतली ओळख

डेन्मार्कमधल्या येलिंग गावात चर्चसमोर एक शिळा उभी आहे. उंची जवळजवळ अडीच मीटर, वजन सुमारे 10 टन. इ.स. 965च्या सुमारास राजा हॅराल्डने (मोबाइलमधल्या ‘ब्लूटूथ’ला ज्याचं टोपणनाव मिळालं, तोच हा) वडील गोर्म आणि आई थ्यूरा यांच्या स्मरणार्थ ती कोरवून घेतली. एका बाजूला रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतला मजकूर, दुसरीकडे सापाने विळखा घातलेला पशू आणि तिसऱ्या बाजूला हात पसरलेला ख्रिस्त. त्याच्यामागे क्रूस दिसत नाही, वेलींच्या वेटोळ्यांत तो गुंतलेला आहे. देव नवा आला, तरी कोरणाऱ्याच्या हाताला सवय जुन्याच रेषांची होती, असं मला ती बाजू पाहताना वाटतं.

त्याच काळातल्या धातूकामातही अशीच वळणं दिसतात. डेन्मार्कमधल्याच मामेन इथल्या थडग्यात 1868 साली एक कुऱ्हाड मिळाली. लोखंडात बारीक चरे पाडून त्यांत चांदीची तार ठोकून बसवलेली. एका अंगाला पक्षी आहे, पण त्याचे पंख कुठे संपतात आणि वेल कुठे सुरू होते ते सांगणं कठीण. कुऱ्हाडीवर वर्ष कोरलेलं नाही. मात्र थडग्याच्या कोठडीला लाकूड वापरलं होतं. ओल्या-कोरड्या वर्षांप्रमाणे झाडाची वलयं रुंद-अरुंद होतात. हा क्रम आधी वय ठरलेल्या लाकडांशी जुळवला, तेव्हा ती झाडं 970-71च्या हिवाळ्यात तोडल्याचं कळलं.

दगडाला वलयं नसतात, पण हाताची लकब असते. छिन्नी किती तिरपी धरायची, घाव किती अंतरावर घालायचे, हे प्रत्येक पाथरवटाच्या अंगवळणी पडलेलं असतं. अक्षरांच्या चरांचं त्रिमितीय स्कॅनिंग केलं की ही लकब मोजता येते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येलिंगच्या मोठ्या शिळेवरची अक्षरं आणि लेबोर्ग गावच्या शिळेवरची अक्षरं एकाच हाताची असल्याचं दिसलं. लेबोर्गच्या शिळेवर लिहिलं आहे की, रावनुंगे-तूएने ही अक्षरं आपली राणी थ्यूरा हिच्यासाठी कोरली. त्यामुळे ही थ्यूरा हॅराल्डचीच आई, या मताला चांगलंच बळ मिळालं.

येलिंगच्या शिळेवर तूएचं नाव नाही. तिथे नावं आहेत ती राजाची आणि त्याच्या आईवडिलांची.