सायटिकाचं दुखणं आणि बुडणारी मजुरी

विड्या वळणाऱ्या बाया दिवसभर मांडीवर सूप घेऊन वाकून बसतात, यंत्रमागावरची माणसं पाळीभर उभी, आणि दोघांनाही कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागनं पोटरीत, पार पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी सायटिकाची कळ लागली की पहिला प्रश्न एकच, उद्या कामाला जायला जमेल का. सोलापुरात असं एखादं माणूस नाही अशी गल्ली सापडणार नाही. दुखतंय पायात म्हणून पायाला मालिश सुरू होते, पण भानगड कंबरेत असते.

कंबरेच्या खालच्या भागातून निघणाऱ्या नसांच्या मुळ्या एकत्र येऊन सायटिक नस बनते, शरीरातली सगळ्यात जाड नस, जवळपास बोटाएवढी. दोन मणक्यांमधल्या गादीचं बाहेरचं कडं फाटलं की आतला मऊ गर बाहेर येतो आणि एखाद्या मुळीला लागतो. बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या दोन गाद्यांपैकीच एक असते. अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी हे १९३४ साली मांडलं, तेव्हापासून 'नस दबली' हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण नुसता दाब नसतो. १९९३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की गादीतला गर नसेवर नुसता ठेवला, अजिबात दाबला नाही, तरी नसेचं काम बिघडतं. म्हणजे त्या गरातली रसायनं नस चिडवतात, सुजवतात.

आणि इथेच आशेची गोष्ट आहे. बाहेर आलेला हा तुकडा शरीराला परका वाटतो, पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी येऊन तो हळूहळू खाऊन टाकतात. रिपोर्टमध्ये मोठा तुकडा दिसला की घरचे घाबरतात, पण पूर्ण सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडाच आकसण्याची शक्यता जास्त असते. म्हणून बहुतेकांचं दुखणं दीड ते तीन महिन्यांत बरंच उतरतं, कुणी काही जादू केली नाही तरी. मग त्या काळात जो कुणी भेटला, मालिशवाला, कंबरेचा पट्टा विकणारा, चुंबकवाला, त्याच्या नावावर गुण जमा होतो.

एमआरआयचं पण नीट समजून घ्या. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले होते, त्यातल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली, सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के. तेव्हा रिपोर्टमधल्या ओळी वाचून झोप उडवून घेऊ नका. दुखणारी बाजू, बधिर भाग, पायातली ताकद आणि फोटो हे सगळं एकमेकांशी जुळलं तरच त्या फोटोला अर्थ.

थांबायचं नाही अशी वेळ मात्र ओळखता आलीच पाहिजे. लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला बसायचा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही, गड्डा यात्रेची गर्दी असो की मध्यरात्र, थेट सिव्हिल गाठायचं किंवा मणक्याचा सर्जन असलेलं मोठं हॉस्पिटल. पाऊल उचलता येत नाही, चप्पल घासत चालावं लागतंय, हे पण दिवसेंदिवस वाढत असेल तर लगेच दाखवा.

बाकीच्यांनी काय करायचं? पडून राहू नका. १९९९ साली नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर बघितलं, अर्ध्यांना दोन आठवडे झोपवून ठेवलं आणि अर्ध्यांना रोजचं जमेल तेवढं करू दिलं, बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. झोपून फायदा शून्य आणि मजुरी बुडते ती वेगळीच. सोसेल तेवढं चाला, थोड्या थोड्या वेळाने उठा, सूप मांडीवर घेण्याऐवजी स्टुलावर बसून समोर उंचावर ठेवता येतंय का बघा, कारण गादी सरकल्यावर मांडी घालून वाकून बसणं फार जड जातं. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या.

गोळ्यांचं सांगायचं तर प्रीगाबालिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी आपल्याकडे सर्रास लिहून देतात, पण २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या २०९ रुग्णांच्या चाचणीत तिने पायाचं दुखणं औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त कमी केलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. चालत्या मागापाशी उभं राहणाऱ्याला चक्कर म्हणजे काय ते सांगायला नको. चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. पाठीतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना थोडे आठवडे आराम देतं, तो पण फार मोठा नाही.

आता ऑपरेशन. २००७ सालची नेदरलँड्सचीच चाचणी, तीव्र सायटिका सहा ते बारा आठवडे चाललेले २८३ लोक. लवकर ऑपरेशनच्या गटात निम्मे लोक साधारण चार आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्या गटात बारा आठवडे लागले. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं हे पण विसरू नका. म्हणजे अशा रुग्णाचा ऑपरेशनने मुख्यतः वेळ वाचतो. चार महिन्यांपेक्षा जास्त दुखणं टिकलं असेल तर मात्र पारडं ऑपरेशनकडे झुकतं, कॅनडातल्या २०२० च्या चाचणीत तसं दिसलं.

मला वाटतं आपल्या शहरात हा हिशोब युरोपसारखा होतच नाही. पगारी रजा असलेला माणूस दोन महिने जास्त थांबू शकतो, हजार विड्यांवर मजुरी मिळणाऱ्या बाईला ते दोन महिने म्हणजे घरातलं किराणा सामान. तिने लवकर ऑपरेशन मागितलं तर ती घाई करतेय असं म्हणू नये. पण ऑपरेशननंतर पण काही आठवडे वाकून बसणं आणि वजन उचलणं बंद असतं, काही जणांची गादी त्याच जागी परत सरकते, आणि खर्च आहेच. म्हणून सर्जनला सरळ विचारा, माझ्या कामावर मी किती आठवड्यांनी परत बसेन, थांबले तर ताकद जाण्याचा धोका किती, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधीच विचारून घ्या.