फायलोक्निस्टिस (नागअळीचा पतंग)

फायलोक्निस्टिस ही पानं पोखरणाऱ्या इवल्याशा पतंगांची प्रजाती (प्रजाती म्हणजे जीनस हां, स्पीशीज म्हणजे जाती), कुळ ग्रॅसिलॅरिडी. नाव कीटकतज्ज्ञ झेलरने १८४८ मध्ये दिलं आणि जगभरात शंभराच्या वर जाती नोंदल्यात. आपल्या ओळखीची म्हणजे संत्रा-लिंबावरची फा. सिट्रेला, विदर्भातल्या बागांमधली नागअळी, तिचं वर्णन स्टेन्टन या इंग्रज कीटकतज्ज्ञाने १८५६ ला केलं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून.

पतंग कुणाला सहसा दिसतच नाही, पंख पसरून जेमतेम ४-५ मिमी, चंदेरी पांढरा, पुढच्या पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जाती थोड्याफार अशाच दिसतात. म्हणून ओळख पानावरून सुरू करायची. कोवळं पान उजेडासमोर धरा. नागमोडी चंदेरी बोगदा आणि त्याच्या बरोब्बर मधून विष्ठेची बारीक काळपट रेघ दिसते. अळी चपटी, बिनपायांची, पानाचा गर खात नाही तर वरच्या पापुद्र्याखालच्या पेशी कापून रस पिते, म्हणून पापुद्रा सुटून चमकतो. शेवटच्या अवस्थेत ती खाणंच बंद करते, फक्त रेशीम काढते, पानाची कड दुमडून आत कोष करते.

इथे एक घोळ होतो. टोमॅटोवरच्या रेघांनाही आपण नागअळीच म्हणतो, पण ती लिरिओमायझा नावाची माशी, पतंग नाहीच! तिची विष्ठा बोगद्याच्या कडेकडेने आलटून पालटून पडते आणि कोष बहुतेक मातीत होतो.

जात पक्की करायची तर झाड कुठलं ते आधी बघतात, मग कोषाच्या डोक्यावरचा काटा (याने रेशमी आवरण फाडून तो बाहेर येतो, जातीगणिक आकार वेगळा), मग जननेंद्रियांचं डिसेक्शन नाहीतर डीएनए बारकोड (डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून ओळख). २०१७ मध्ये डीएनएवरून या कुळाची आठ उपकुळं पाडली, तेव्हा ही प्रजाती फायलोक्निस्टिनी या उपकुळातच राहिली.

मोठ्या झाडाला नागअळीने फारसं काही होत नाही, खरा त्रास नर्सरीतल्या कलमांना, शिवाय फाटलेल्या पापुद्र्यातून खैऱ्या रोगाचे (सिट्रस कँकर) जिवाणू आत शिरतात ते वेगळंच.

नमुना हवा असेल तर कड दुमडलेलं पान डबीत ठेवा, गरम हवेत साधारण आठवड्यात पतंग निघतो, बोट लावू नका, खवले लगेच जातात. कधी कधी पतंगाऐवजी त्याच्या अळीला किंवा कोषाला खाऊन वाढलेली बारीक गांधीलमाशीच बाहेर येते.