समुद्रातलं कुरण

केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली मिळाली ३,२९७ टन. म्हणजे पूर्वीच्या शंभर किलोंमागे एक किलोही नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे हे आकडे वाचून मी हादरलो, कारण तारली हा गरिबाघरचा मासा. केरळात तिला मत्ती म्हणतात. आपल्या कोकणात, गोव्यातही सुरमई-पापलेट परवडत नाही तेव्हा कालवणात तारली नाहीतर बांगडाच पडतो. पोराबाळांच्या पोटात प्रथिनं, कॅल्शियम, ओमेगा-३ जातं ते असल्या माशांतून.

सुरमई दुसऱ्या माशांवर जगते. तारली मात्र समुद्राचं गवतच चरते. हे गवत म्हणजे वनस्पती-प्लवक, डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शेवाळं. ती वाढायला ऊन लागतं आणि खतही. ऊन वर आणि खत तळाशी, अशी समुद्रात पंचाईत असते. पावसाळ्यातले नैऋत्य वारे ती सोडवतात. मलबार किनाऱ्यालगतचं वरचं पाणी ते बाहेर लोटतात, आणि त्याच्या जागी खालचं थंड, नायट्रेट-फॉस्फेटने भरलेलं पाणी उसळून येतं. पाणी हिरवं होतं, तारलीचे थवे जमतात.

पण पृष्ठभाग तापला की वरचं पाणी हलकं होऊन झाकणासारखं बसतं. खालचं खत वर यायला वाट मिळत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिलं, की पश्चिम हिंदी महासागरातलं प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटलं आहे.

सगळा दोष उष्म्याचा नाही. भरघोस वर्षांत बेसुमार उपसा झाला, लहान मासळीही सोडली नाही, त्यावर २०१५चा एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून हवामान बिघडवणारा फेरा, आला. शिवाय तारली जागाही बदलते आहे. एके काळी ती मुख्यतः मलबारची. १९८०च्या दशकानंतर ती उत्तरेला आणि बंगालच्या उपसागराकडेही पसरली. मासा पोहत जाईल, पण किनाऱ्यावरून रापण, म्हणजे ते लांबलचक जाळं, ओढणाऱ्याने कुठे जायचं?

२०२४ साली पाऊस चांगला झाला आणि केरळात तारली परतली, थव्यांनी परतली. पण अंगाने लहान, वाढ खुंटलेली. पिल्लं भरपूर जगली, खाणारी तोंडं वाढली, आणि कुरण तेवढ्यांना पुरेना.